सात वाजताची गोळी

आमच्या कंपनीत माणसाने स्वतःबद्दल लिहायचं नसे. जोडीवाल्याने लिहायचं.

तळोज्याला केमिकलची कंपनी. मी तिथे फोर्कलिफ्ट चालवायचो. पुढे दोन लोखंडी काटे असलेली बुटकी गाडी. काटे लाकडी पॅलेटच्या खाली घालायचे, वर ठेवलेले ड्रम उचलायचे आणि रॅकवर नेऊन ठेवायचे. माझा जोडीवाला खाली उभा राहून हाताने खुणा करायचा. डावीकडे, अजून थोडं, बस. बावीस वर्षं तो खाली आणि मी वर. तो साताऱ्याकडचा, मी इथला, सारसोळ्याचा. नेरूळच्या एकाच स्टॉपवर आम्ही कंपनीच्या बसमध्ये चढायचो आणि तळोज्यापर्यंत भांडायचो. विषय लागायचा नाही.

मग एक नवा सेफ्टीचा साहेब आला. त्याचं म्हणणं असं की माणूस स्वतःबद्दल खोटं बोलतो, दुसऱ्याबद्दल बोलत नाही. म्हणून रोज सकाळी मशीन चालू करायच्या आधी प्रत्येकाने आपल्या जोडीवाल्याचा फॉर्म भरायचा. झोप, डोळे, चाल, बोलणं, तोंडाचा वास. प्रत्येकापुढे दोन चौकोन, ठीक आणि ठीक नाही. खाली एक रेघ, शेरा लिहायला. माणूस आज मशीनवर बसायच्या लायकीचा आहे की नाही, ते जोडीवाला सांगणार.

साहेब हुशार, पण त्याला आमची माणसं माहीत नव्हती. आम्ही सोमवारी चहाच्या वेळेला बसून अख्ख्या आठवड्याचे फॉर्म भरून टाकायचो. सगळं ठीक. एकदा भाचीच्या लग्नाला मी दोन दिवस रजा टाकली, तर त्या दोन दिवसांचेही माझे फॉर्म भरलेले. साहेबाने जोडीवाल्याला बोलावलं.

"हा माणूस काल रजेवर होता. तो सरळ चालतो, हे तुम्हाला कसं समजलं?"

"साहेब, त्यो घरी पण सरळच चालतो," जोडीवाला म्हणाला. "बावीस वर्सं बघतोय मी."

साहेबाने कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून फॉर्म रोजच्या रोज मिळायला लागले. आम्ही रोजच्या रोज ठीक लिहायला लागलो.

गेटवर तोंडाने फुंकायचं मशीनही होतं. आमच्याकडे गावात कोणाच्या लग्नाची हळद असली की रात्रभर दारू, आणि दुसऱ्या दिवशी त्या मशीनला काम. अर्धी माणसं रजा टाकायची, उरलेली बडीशेप चघळत रांगेत उभी. मी मात्र पुढे. लग्नानंतर मी दोनदा प्यालो, आणि दोन्ही वेळा बायकोने मला अंगणात बसवून दाराला कडी लावली. तिसऱ्यांदा प्यायची हौस राहिली नाही. त्यामुळे मी छाती भरून फुंकायचो. गेटवाला म्हणायचा, "काका, हळू. मशीन आहे ते, फुगा नाय." आकडा शून्य. मी मागच्या बडीशेपवाल्यांकडे बघून आत जायचो. मला वाटायचं, दारू प्यालो नाही म्हणजे माणूस शाबूत.

बायको जाऊन आता पाच वर्षं होतील. मी जे सांगतोय ते तेव्हाचं. माझ्या रिटायरला दहा महिने राहिले होते.

तिला साखर होती. शेवटी शेवटी पायांची आग व्हायची. ओल्या फडक्यात पाय गुंडाळून बसायची आणि वर मलाच शिव्या द्यायची, "बगता काय, पाय हायेत, शिनेमा नाय." डॉक्टरने नसांची गोळी दिली. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, चुकवायची नाही. मुलीने आईच्या मोबाइलमध्ये गजर लावून दिला आणि निळी डबी आणून दिली, सात वारांचे सात कप्पे. दोन वर्षं तो गजर वाजला की मी कप्पा उघडायचो, गोळी हातात घ्यायचो आणि तिच्या तोंडाशी धरायचो. ती आधी माझ्याकडे संशयाने बघायची. "मला मारून दुसरी आनायचा इचार हाय काय?" म्हणायची आणि गिळायची. रोज. सकाळी आणि संध्याकाळी. विनोद एकच, पण मी दोन्ही वेळा हसायचो.

ती गेली. बारावं झालं. तेराव्या दिवशी मी ड्यूटीवर. मुलगी खारघरला राहते, ती म्हणाली, बाबा, महिनाभर थांबा, माझ्याकडे राहायला या. मी म्हटलं नको. मुलीच्या सोसायटीत दुपारी लिफ्टचाच आवाज, दुसरा नाही. आणि माझ्या घरी दारात तिच्या चपला होत्या. त्या मला दिवसाउजेडी बघायच्या नव्हत्या. कंपनीत आवाज असतो, शिव्या असतात, ड्रम असतात. मला तिथे बरं वाटायचं.

तिचा मोबाइल मी खिशात ठेवायचो. बंद करायला मन झालं नाही. एरवी तिला गोळी देऊन मी पळत बस धरायचो; तेराव्या दिवशी घरात थांबवेना म्हणून सकाळी सातलाच मी बसस्टॉपवर उभा, आणि खिशात गजर वाजला. हात आपोआप पिशवीत गेला. निळी डबी पिशवीतच होती, दवाखान्यातून परत आणलेली, तशीच. कप्पा उघडला, गोळी हातात घेतली. आणि मग उभा राहिलो. गोळी तर काढली. आता ती द्यायची कोणाला?

परत कप्प्यात ठेवता आली असती. ते मला आता सुचतं. तेव्हा सुचलं नाही. तिला वाया घालवलेलं चालायचं नाही. भात उरला तर दुसऱ्या दिवशी फोडणी, मासळी धुतलेलं पाणी नारळाला. माझेही गुडघे दुखायचे. दुखण्याची गोळी ती दुखण्याची गोळी. मी गिळून टाकली. बस आली, चढलो.

संध्याकाळी सातला परत गजर. परत गोळी. डबी रिकामी झाली की घरातल्या पाकिटांतून भरायचो, तीन महिन्यांची आणून ठेवलेली होती. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट दिवसातून दोनदा एक काम होतं.

पंधरा-वीस दिवसांत मी बिघडलो. डोळ्यांना सगळं उशिरा दिसायचं. जोडीवाला बस म्हणायचा आणि माझा पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी वीतभर पुढे गेलेली. तीन नंबरच्या रॅकचे ड्रम पाचवर ठेवले. एकदा काटे वरच ठेवून गाडीतून उतरलो, असं नव्या माणसानेही केलं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. लोक समजून घ्यायचे. म्हणायचे, बायको गेली आहे, वेळ लागतो. मीही तेच म्हणायचो. फुंकायच्या मशीनवर आकडा शून्य, मग काळजी कशाला?

एका गुरुवारी पॅलेट रॅकच्या कडेवर टेकवला. टेकला असं मला वाटलं. तो टेकला नव्हता. एक ड्रम सुटला, धाडकन खाली आला, लवंडला आणि घरंगळत जाऊन जोडीवाल्याच्या बुटापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रम रिकामा होता म्हणून वाचलो.

जोडीवाल्याने बुटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मर्दा, ह्यो पाय मला अजून लागणार हाय," तो म्हणाला.

"फरशी ओली होती," मी म्हटलं.

फरशी कोरडी ठणठणीत होती. त्याने फरशीकडेही बघितलं. परतीच्या बसमध्ये तो भांडला नाही.

शुक्रवारी सकाळी तो फॉर्म घेऊन बसला आणि उठेचना. एरवी चार टिंबं मारल्यासारखा भरायचा, आज पेन तोंडात धरून बसलेला. मी त्याचा फॉर्म भरला, सगळं ठीक, आणि गाडीकडे निघालो. एवढ्यात साहेब जोडीवाल्याने भरलेला फॉर्म घेऊन आला.

"काका, आज गाडी नाही."

"का? मशीनवर शून्य आलाय माझा."

साहेबाने फॉर्म पुढे केला. झोप, ठीक नाही. डोळे, ठीक नाही. चाल, ठीक नाही. आणि खाली रेघेवर जोडीवाल्याची वाकडीतिकडी अक्षरं. मी चौथी शिकलेला, तो सहावी, त्यामुळे मला वाचायला वेळ लागला. लिहिलं होतं, माणूस जागेवर नाही, गाडी देऊ नका.

कंपनीत फॉर्म सुरू झाल्यापासून कोणी ठीक नाहीच्या चौकोनाला हात लावला नव्हता. साहेबसुद्धा गोंधळला होता. म्हणाला, आता डॉक्टर मॅडमची सही लागेल. त्यांनी फिट दिलं तर गाडी. नाही दिलं तर नियमाप्रमाणे रिटायरपर्यंत घरी, पगार चालू.

पगार चालू म्हणे. मला दारातल्या चपला दिसायला लागल्या. दहा महिने दिवसाउजेडी.

मी लॉकरपाशी जोडीवाल्याला गाठलं.

"बावीस वर्षं माझ्या घरचा जवळा खाल्लास ना रे?"

"खाल्ला."

"पहिल्या दिवशी नाक धरलं होतंस. मासळीचा वास येतो म्हणून बाहेर जाऊन बसला होतास."

"व्हय. मग वैनीनं दुसऱ्या दिवशी माझा डबा येगळा दिला. घाटावरच्यासाठी, कमी तिखट."

"आणि त्याच्या बदल्यात हे लिहिलंस?"

"आरं, मग काय लिवू?" तो एकदम ओरडला. लॉकरवरची माणसं बघायला लागली. "ठीक हाय म्हनून लिवू, आन् उद्या तू मला रॅकला चेपशील! तिकडं वर वैनी मला इचारंल, तुमाला दिसत न्हवतं का? काय सांगू तिला?"

"वर काय नसतं," मी म्हटलं.

"नसंल तर नसंल. पाय तर हाय ना माझा!"

मी त्याला दोन शिव्या दिल्या आणि डॉक्टरच्या खोलीकडे निघालो. तो मागोमाग आला. मी म्हटलं, येऊ नको. तो म्हणाला, तुझ्यासाठी येत नाही, मला बीपी बघायचा आहे.

डॉक्टर मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या, माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, आणि म्हणाल्या, "काका, एका पायावर उभे राहा. मी दहा मोजते."

तीनला मी त्यांच्या टेबलावर.

"बूट जड आहेत," मी म्हटलं. बूट काढले. परत उभा राहिलो. चारला टेबलावर.

"हे कोणालाच जमत नाही मॅडम. तुम्हीच दाखवा."

त्या खरंच उठल्या, चपला काढल्या आणि खाडीतल्या बगळ्यासारख्या उभ्या राहिल्या. दहा मोजले, वीस मोजले. वर हसल्या.

"आता शंभरातून सात वजा करा. आलेल्या उत्तरातून परत सात. असं करत जा."

"त्र्याण्णव," मी म्हटलं. मग पुढे रस्ताच नाही. "मॅडम, हे मला लग्नाआधीही आलं नसतं. चौथी शिकलोय मी, त्यातलं निम्मं वर्ष खाडीत. ड्रमचं विचारा."

"बरं. एका पॅलेटवर चार ड्रम. ट्रकमध्ये ऐंशी ड्रम. पॅलेट किती?"

"वीस. पण आपल्या ट्रकात ऐंशी जात नाहीत. बहात्तर जातात. ऐंशी घातले तर मागचं दार लागत नाही."

दारातून जोडीवाला म्हणाला, "बरोबर हाय. पन मॅडम, ह्येला येवढा येळ लागत न्हाय. ह्ये त्याच्या जिभेवर असतंय."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं. लिहिलं की संपलं.

"कुठलं औषध चालू आहे का काका?"

"काही नाही. शुगर नाही, बीपी नाही. एक गोळी खात नाही मी."

"खातो की," जोडीवाला आत आला. "सकाळी सातला. स्टॉपवर. मोबाइल वाजतो, हा निळी डबी काडतो आन् खातो. मी इचारनार हुतो, तुला काय झालंय म्हनून. म्हटलं आपनहून सांगंल."

मॅडमनी हात पुढे केला. मी पिशवीतून डबी काढली. खोटं बोललो होतो असं मला त्या क्षणापर्यंत वाटलंच नव्हतं. ती माझी गोळी नव्हती, म्हणून मी खात नव्हतो. डोक्यात हिशेब एवढा सरळ होता.

मॅडमनी गोळी उलटसुलट केली. "ही नसांची गोळी आहे. कोणी दिली तुम्हाला?"

"बायकोची आहे."

"त्यांची गोळी तुम्ही का घेता?"

"गजर वाजतो," मी म्हटलं. "आणि वाया गेलेलं चालत नाही तिला."

मॅडम डबीचं झाकण उगाच उघडत मिटत राहिल्या. खोलीत तो टक टक आवाज. मला वाटलं आता मी रडणार, एका पोक्त माणसापुढे आणि एका पोरीपुढे.

तेवढ्यात जोडीवाला हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून.

"आरं येड्या! वैनीची गोळी? मर्दा, तिचं पातळ पन राहिलंय की घरात, वाया जातंय! ते बी नेसून ये सोमवारी!"

आणि मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. असा हसलो की खोकला लागला, मॅडमनी पाणी दिलं, आणि पाणी पिताना परत पातळ डोळ्यांपुढे आलं आणि पाणी नाकात गेलं. मॅडमही हसत होत्या, तोंडावर हात धरून. रडू त्यातच कुठेतरी येऊन गेलं. कोणाला कळलं नसावं. जोडीवाल्याला कळलं असेल.

मॅडम म्हणाल्या, ही गोळी सुस्ती आणते, आणि मशीन चालवणाऱ्याने न विचारता कोणाचीही गोळी खायची नसते, सर्दीचीसुद्धा नाही. एकदम बंद करू नका, मी लिहून देते तशी कमी करा. पंधरा दिवस गाडी नाही. मग परत एका पायावर.

"आणि घरी?" मी विचारलं. "घरी बसवणार?"

त्यांनी साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाला, बसून करायचं काम आहे एक. फॉर्म वाचायचं. साहेबाला आमचं अक्षर लागत नव्हतं, शेरे तसेच पडून राहायचे. पंधरा दिवस मी ऑफिसात खुर्चीवर बसलो आणि एक एक अक्षर लावत त्याला वाचून दाखवलं.

पहिले दोन दिवस सगळं ठीकच. पण जोडीवाल्याने माझं लिहिल्याची बातमी सगळ्या खात्यांत गेली होती, आणि मला घरी पाठवलं नाही ही पण. तिसऱ्या दिवसापासून शेरे यायला लागले. काल ह्याच्या गावात हळद होती, डोळे बघा. ह्याचा चष्मा फुटलाय, सांगत नाही. एकाने लिहिलं होतं, हा बायकोशी भांडून आलाय, मशीन चालेल, ह्याच्याशी बोलायचं काम मला देऊ नका. साहेब हसून टेबलावर डोकं टेकायचा. मग उठून चष्मेवाल्याला शोधायला जायचा.

गजराचं राहिलं. तो बंद करायचा नाही असं मी ठरवलं होतं. कमी करत करत गोळी संपली, त्या दिवशी स्टॉपवर सातला मोबाइल वाजला आणि हात पिशवीत गेला. डबी नव्हती. आदल्या दिवशी बसमध्ये जोडीवाल्याने मागून घेतली होती, बघायला म्हणून. आता त्याने खिशातून काढून माझ्या हातात दिली. मी वाराचा कप्पा उघडला. आत चार भाजलेले शेंगदाणे. सगळ्या कप्प्यांत चार चार.

"गावाकडचं हायेत," तो म्हणाला. "दोन तुझं, दोन माझं. वाया घालवायचं न्हाय."

आम्ही शेंगदाणे खाल्ले. मग बस येईपर्यंत भांडलो, ते कमी भाजलेत की जास्त, यावर.

पंधराव्या दिवशी मी मॅडमपुढे एका पायावर उभा राहिलो. दहा मोजले. पुढे त्यांनीच सोडून दिलं, मी अठरापर्यंत उभा होतो. सही मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीवाला फॉर्म घेऊन बसला. मी मुद्दाम त्याच्या खांद्यावरून डोकावलो. डोळे ठीक. चाल ठीक. बोलणं ठीक, पुढे कंसात जास्त असं लिहिलेलं. झोपेपाशी त्याचं पेन थांबलं. माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि ठीक नाहीवर खूण केली. खाली शेरा लिहिला, झोप थोडी कमी, पण जागेवर आहे, गाडी द्या.

सगळं ठीक लिहिलं असतं तर माझा त्याच्यावर विश्वास बसला नसता. झोप खरंच कमी होती. अजूनही आहे.

मी गाडीत बसलो. पहिला पॅलेट उचलला. जोडीवाला चांगला दहा पावलं लांब, खांबाच्या आड उभा, तिथून हात हलवत होता. त्याचा पाय, त्याची मर्जी. त्याने बस म्हटलं की मी थांबत होतो, जिथे म्हटलं तिथेच. दुसरा पॅलेट, तिसरा. चहाच्या आधी तो खांबाच्या पुढे आला. चहानंतर चार पावलांवर. जेवणानंतर मी बघतो तर तो रॅकला खेटून, त्याच्या बावीस वर्षांच्या जागेवर, आणि मान वळवून दुसऱ्याच कोणाशी तरी गप्पा मारतोय.

"पाय बघ तुझा!" मी वरून ओरडलो.

"तू बघ," तो म्हणाला आणि मागे न बघताच हात वर केला. अजून थोडं. अजून. बस.